टाचणीचं टोक

"हात लावू का?"

दिवसातून वीस वेळा तरी हा प्रश्न धाकटीच्या तोंडून निघायचा. गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची उशी, समोर आरशापुढे गिऱ्हाईक आणि हिचं आपलं एकच पालुपद. कोटाची बाही आखूड करायची असो नाहीतर पँटची कंबर सैल करायची असो, विचारल्याशिवाय ही बाई कुणाच्या अंगाला बोट लावायची नाही. गिऱ्हाइकं हसायची. एक आडदांड बसड्रायव्हर तर म्हणाला होता, "अहो ताई, हात नाही लावला तर माप काय लांबून फुंकर मारून घेणार?" धाकटीला हसू आलं नाही. तो "लावा बुवा" म्हणेपर्यंत ती टेप हातात धरून तशीच उभी राहिली.

दुकान काकूंचं होतं. काकू कुणाच्याच सख्ख्या काकू नव्हत्या, पण साठी उलटलेल्या बाईला गल्ली दुसरं काय म्हणणार? दुकान तरी कसलं! दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, पडद्यामागे कपडे बदलायला हातभर जागा आणि वरच्या कोपऱ्यात तडा गेलेला एक उंच आरसा. नवे कपडे तिथे शिवले जात नसत. जुन्यांची डागडुजी चालायची. आखूड करा, सैल करा, चेन बदला, वारलेल्या बापाचा कोट मुलाच्या मापाचा करा. धाकटी तिथे तीन वर्षं काम करत होती, आणि काकूंच्या मते तिचे हात घडवताना देवाने जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नव्हती.

आता एवढी चांगली कारागीर लोकांच्या तुटलेल्या चेना का बदलत बसली होती? गल्लीत कुणी विचारलं नाही, पण घरी मात्र उठताबसता तेच. कारण आईच्या घरी भिंतीवर, घड्याळाशेजारी, धाकटीचं प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं होतं. कटिंग आणि फिटिंग, वर्गात पहिला नंबर. खाली मास्तरांची झोकदार सही. जेवायला बसताना त्या सहीकडे पाठ होईल अशी जागा धाकटी धरायची. चार वर्षांत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आपल्या माणसांचं लक्ष असतं तरी कुठे, कोण जाणे.

मास्तरांचं नाव शिवणकामात फार मोठं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाला कुठेही काम मिळायचं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लांबलचक टेबल, त्यावर खडूची पांढरी धूळ, खिडकीपाशी भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात कापूस भरलेला एक पुतळा. त्या पुतळ्याकडे बोट दाखवून मास्तर म्हणायचे, "याच्यावर शिकतो तो शिंपी. जिवंत अंगावर शिकतो तो कलाकार." पहिल्याच आठवड्यात त्यांनी बारा जणींतून धाकटीला पुढे बोलावलं. "हिचं माप बघा. साचा आहे साचा! परमेश्वराने टेप लावून घडवलीय." अकरा जणी बघत राहिल्या. धाकटी तेव्हा चोवीस वर्षांची होती. ती लाजली, आणि खोटं कशाला बोला, सुखावलीसुद्धा. थोरल्या बहिणीचे कपडे कापून बेतून घालत वाढलेली पोर ती. बारा वर्षांनी मोठी असलेली बहीण घरात शहाणी, हुशार, सगळं काही. हिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बिनचूक म्हटलं होतं.

मग वर्ग सुटला की रोज तिने मागे थांबायचं. स्टुलावर उभं राहायचं, हात जरा बाजूला. मास्तर तिच्या अंगावर मांजरपाटाचे, म्हणजे जाड कोऱ्या कापडाचे, तुकडे लावायचे आणि टाचण्यांनी बसवत जायचे. काखेखाली, पाठीवर, कमरेभोवती, चाळीस-पन्नास टाचण्या. "हलायचं नाही," ते म्हणायचे. "हललीस तर टोचेल, आणि टोचलं तर चूक तुझी." टोचायचंच. श्वास जरा खोल गेला तरी टोचायचं. घरी अंघोळ करताना पाठीवर, बरगड्यांवर लाल ठिपक्यांच्या ओळी हाताला लागायच्या. तिला वाटायचं, विद्या अशीच येत असेल. मास्तर सांगायचेच ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही!

आणि मग एके दिवशी दुपारी साडेचार वाजता, भर उजेडात, मास्तरांचा हात मापाच्या बाहेर गेला. चुकून नाही, कापड सारखं करायच्या निमित्ताने नाही. धाकटी म्हणाली, "मास्तर, काढा." टाचण्या काढा, एवढंच. पुढचं ती खाली उतरून बघणार होती. मास्तरांनी ऐकलंच नाही असं केलं. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ते तिच्या कानाशी हसले. "हलू नकोस. टोचेल."

ती हलली नाही. पंधरा मिनिटं. समोरच्या आरशात घड्याळ उलटं दिसत होतं, त्यावरून तिने मोजली. नंतर मास्तरांनी एकेक टाचणी काढून डबीत ठेवली आणि म्हणाले, "शाबास. उद्या बाही बसवू."

दुसऱ्या दिवशी ती गेली. हो, गेली! पुढचे दोन महिने, परीक्षा होईपर्यंत, रोज गेली. घरी बसून ऐकणाऱ्याला ह्याचंच नवल वाटतं. पण वर्ग सोडला तर का सोडला हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. त्यापेक्षा स्टुलावर उभं राहणं सोपं वाटलं. असं वाटू शकतं माणसाला.

परीक्षेनंतर एकदाच तिने तोंड उघडलं. थोरल्या बहिणीच्या, मोठीच्या घरी, भांडी विसळताना, नळाचा आवाज चालू ठेवून. मोठीने सगळं ऐकलं. हातातली ताटली पालथी घातली आणि म्हणाली, "अगं, मग तू हललीस का नाहीस? ढकलायचं, उडी मारायची खाली. तुला काय त्याने बांधून ठेवलं होतं?"

धाकटी तोच पेला पुन्हा विसळत राहिली.

"जाऊ दे," मोठी म्हणाली. "झालं ते झालं. चार लोकांत बोलू नकोस. एवढा नावाजलेला माणूस, कोण विश्वास ठेवणार? शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात." मोठी दुष्ट नव्हती. घाबरली होती. पण घाबरलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा लागायचं तिथे लागतंच. त्या दिवसापासून धाकटी मूग गिळून बसली. खरंच, बांधलं कुठे होतं? रात्रंदिवस ती स्वतःला हेच विचारायची आणि उत्तर आपलं एकच यायचं, की माझ्यातच काहीतरी खोट आहे.

उत्तर सापडलं ते वर्षभराने, काकूंच्या दुकानात, कामाच्या चौथ्या दिवशी. एक नर्सबाई नवा कोट कमरेत घट्ट करून घ्यायला आल्या होत्या. धाकटीने सरसावून टाचण्या लावल्या, अगदी शिकली होती तशा. नर्सबाई वळल्या आणि अशा काही किंचाळल्या की शेजारचा किल्लीवाला हातातली कानस घेऊन धावत आला.

काकूंनी कोट उतरवून घेतला, नाकावर चष्मा चढवला आणि शिवण पालथी करून बघितली. "अगं ए बये! तू कोट टाचतेयस की बाई टाचतेयस? ह्या सगळ्या टाचण्यांची टोकं आत!" त्यांनी एक टाचणी काढून तिच्या डोळ्यांपुढे धरली. "हे बघ. कापडाची चिमूट धरायची, टाचणी आडवी घालायची आणि टोक परत कापडातूनच बाहेर काढायचं. ते अंगाकडे येताच कामा नये. आठ दिवसांच्या शिकाऊ पोरीला येतं हे. तुला कुणी शिकवलं असं?"

धाकटीने मास्तरांचं नाव सांगितलं.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याच्या हातचे कोट मी उसवून बघितलेत," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याच्याइतकी सफाईदार टाचणी लावणारा माणूस माझ्या बघण्यात नाही. तो चुकून असं करणार नाही, पोरी."

धाकटी पडद्यामागे गेली. कपडे बदलायच्या त्या हातभर जागेत ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. मुद्दाम. प्रत्येक टाचणी मुद्दाम. चाळीस-पन्नास टोकं तिच्याकडे वळवून त्याने तिला स्टुलावर उभं केलं होतं आणि वर चूक तुझी म्हणून सांगितलं होतं. तिला दोरीने बांधलं असतं तर ते मोठीलाही दिसलं असतं. तिला रडू आलं, आणि त्याखाली कुठेतरी इतका राग आला की दात वाजायला लागले.

बाहेर काकूंनी नर्सबाईंना चहा पाजून वाटेला लावलं. मग पडद्यापाशी त्यांची पावलं थांबली. "आत येऊ का?"

पडदा काय, एका बोटाने सरकला असता. पण काकू विचारून थांबल्या होत्या. "नको," धाकटी म्हणाली.

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, पडद्याबाहेर बसल्या आणि कुणाच्या तरी शर्टाची काजं करायला घेतली. धाकटी दीड तासाने बाहेर आली तोवर सहा काजं झाली होती. मग तिने सगळं सांगितलं आणि काकूंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर काकूंनी तिला खरं शिक्षण द्यायला घेतलं. "भीड भिकेची बहीण," त्या म्हणाल्या. "दिवसातून तीनदा नाही म्हणायचं. कशालाही म्हण, पण म्हण." पहिल्या दिवशी धाकटीने चहाला नाही म्हटलं आणि तो तिला हवा होता म्हणून दुपारभर हळहळत बसली. काकू पोट धरून हसल्या. मग हळूहळू जमायला लागलं. उद्याच द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही. पाठीवर थाप मारून बोलणाऱ्या कापडवाल्याला, "दादा, हात खाली." घरी आई म्हणायला लागली, "गोगलगाय नि पोटात पाय! कालपर्यंत तोंडातून ब्र निघत नव्हता हिच्या." आणि कुणाच्याही अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नेम तर धाकटीने काकूंनाही न सांगता स्वतःच घालून घेतला.

एक गोष्ट तेवढी राहिली. "घरी सांगितलंस का, टाचण्यांचं?" काकू अधूनमधून विचारायच्या. "सांगेन," धाकटी म्हणायची. ते सांगेन तिने तीन वर्षं पुढे ढकललं.

मोठीला एकच मुलगी. एकोणीस पूर्ण झालेली, अंगाने चवळीची शेंग, म्हणून घरात तिचं नावच शेंग पडलं होतं. "अगदी मावशीवर गेलीय," येणाराजाणारा म्हणायचा. शेंगेलाही मावशीचं भारी वेड. माय मरो नि मावशी जगो, असं म्हणून मोठी चिडवायची. एका रविवारी धाकटी दुपारची त्यांच्याकडे गेली तर शेंग एक निळा ड्रेस घेऊन पुढे आली. "मावशी, हा पाठीत काचतोय. जरा सैल करून दे ना."

"घालून ये. बघते."

शेंग घालून आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. धाकटीने टेप काढला. "हात लावू का?"

शेंगेने हात थोडे बाजूला घेतले, हनुवटी वर केली आणि श्वास वरच्यावर धरला. पापणीसुद्धा हलेना. नेहमी मापाला उभी राहिली की हीच पोर गुदगुल्या होतात म्हणून नुसती नाचायची.

धाकटीने टेप खाली घेतला. "शेंगे, श्वास घे की गं."

"घेतेय की. हळू घेतेय." आणि मग अगदी सहज, पाढा म्हणावा तसं, "हललं की टोचतं ना. आणि टोचलं की चूक आपली."

ड्रेसच्या पाठीचा गळा जरा खोल होता. तिथे कातडीवर लाल ठिपके होते. एकाखाली एक, बोटाबोटाच्या अंतरावर, सरळ ओळीत. वरचे वाळलेले, खालचे ताजे.

धाकटीने टेप गुंडाळला. तो गुंडाळायला तिला फार वेळ लागला. "आत जाऊन बदल तू," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

मोठी गॅसपाशी उभी होती. "शेंगेला मास्तरांकडे घातलंस?"

मोठीने मागे वळून बघितलं नाही. "तीन आठवडे झाले. तुला सांगणार होते, पण म्हटलं तू मध्ये काड्या घालशील. त्यांनीच विचारलं गं, बाजारात भेटले तेव्हा. म्हणाले, तुमच्या बहिणीसारखाच साचा आहे. तिचं आयुष्य मार्गी लागेल. तुझ्या वेळचं... ते एकदा काहीतरी झालं असेल. आता म्हातारे झाले ते. आणि थोडं कडक असल्याशिवाय का विद्या येते? टाकीचे घाव सोसल्याशिवाय..."

"मला देवपण नको होतं, ताई. मला कोट शिवायला शिकायचं होतं!"

एवढ्या मोठ्याने धाकटी त्या घरात कधी बोलली नव्हती. मोठीने गॅस बंद केला.

"तेव्हा तू मला विचारलंस, हललीस का नाहीस," धाकटी म्हणाली. "तुला उत्तर हवंय?"

"आता कशाला ते उकरून..."

"हवंय का?"

मोठीने होकारार्थी मान हलवली.

धाकटीने पिशवीतून टाचण्यांची उशी काढली. "अशी उभी राहा. हात बाजूला. हात लावू का?"

"लाव," मोठी म्हणाली.

धाकटीने तिच्या ड्रेसच्या पाठीची चिमूट धरली आणि टाचणी घातली. आडवी नाही. तिरकी, टोक आत. मग दुसरी, तिसरी. काखेखाली दोन. बरगडीवर तीन. कमरेभोवती ओळीने. मोठी सुरुवातीला काहीतरी बोलत होती, ती पाचव्या टाचणीला थांबली. अठरा लावून झाल्यावर धाकटी तिच्यासमोर आली.

"हं. आता मला ढकल."

मोठीने हात उचलला आणि अर्ध्यात "आई गं" म्हणून थिजली. तिने दुसऱ्या बाजूने वळायचा प्रयत्न केला, तिथेही टोक होतं. तिने श्वास आत घेतला आणि तो तिला पुरता घेता येईना. मोठी चाळिशीची, धडधाकट, दोन बादल्या घेऊन जिना चढणारी बाई. ती आपल्याच स्वयंपाकघरात खांबासारखी उभी राहिली.

"उडी मार की," धाकटी म्हणाली. "बांधलंय का तुला कुणी?"

मोठीचे डोळे भरून आले. "काढ," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. धाकटीने ताबडतोब टाचण्या काढायला घेतल्या, खालून वर, भराभर. शेवटची निघाली तशी मोठी मटकन खुर्चीत बसली.

"मी तीनदा म्हटलं होतं, काढा," धाकटी म्हणाली. "माझ्या अंगावर पन्नास होत्या. आणि टाचणी अशी लावायची नसतेच, ताई. तीन वर्षांपूर्वी काकूंनी दाखवलं तेव्हा कळलं मला. त्याला माहीत होतं. त्याची पद्धतच आहे ती."

मोठीने तोंडावर पदर नसताना पदर असल्यासारखा हात दाबून धरला. "मी तिला स्वतः नेऊन सोडली," ती म्हणाली. "स्वतः गं. जिन्यापर्यंत."

तेवढ्यात टेबलावरचा मोठीचा फोन वाजला. नाव बघून तिने तो असा सोडला जसा काही तापलेला तवा. धाकटीने उचलला.

"नमस्कार," पलीकडे तोच आवाज, तुपात बुडवलेला. "उद्या मुलीला एक तास आधी पाठवा. बाही बसवायचीय."

पुढे जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं, शेकडो वेळा नाही म्हणायचा सराव, आणि तो आवाज ऐकताच तिची मान आपोआप ताठ झाली, मोकळा हात बाजूला झाला. तिने ते पाहिलं. हात खाली घेतला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ती येणार नाही."

"कोण बोलतंय? अरे वा, पहिला नंबर! किती दिवसांनी! अगं, येऊन जा की कधी..."

"नाही."

"हे बघ, गैरसमज झालेला दिसतोय. पोरीला समजावून..."

"नाही. तुम्ही टोकं आत लावता, मास्तर. मला आता लावता येतात, त्यामुळे कळतं. उद्या सकाळी मी पोलीस चौकीत जाऊन हेच सांगणार आहे. टाचणी कशी लावतात ते टेबलावर करून दाखवणार आहे." तिने फोन ठेवला. दिवसातले तीन 'नाही' झाले होते.

"मी येते तुझ्याबरोबर," मोठी म्हणाली. "लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण स्वयंपाकघराच्या दारात शेंग उभी होती. निळा ड्रेस अजून अंगावरच होता. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. ओट्यावर अठरा टाचण्या पडल्या होत्या, त्यांच्याकडे ती बघत होती.

"मीपण म्हटलं होतं, काढा," ती म्हणाली. "गुरुवारी. दोनदाच म्हटलं. मग नाही म्हटलं."

मोठीच्या तोंडून असा आवाज निघाला की धाकटीने तो पुढे जन्मभर विसरायचं ठरवलं आणि कधी विसरली नाही. गुरुवारी. आज रविवार. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच.

"तुला माहीत होतं," शेंग म्हणाली. ती आईकडे बघतच नव्हती, मावशीकडे बघत होती. "टोकांचं. तीन वर्षं माहीत होतं. काकूंना माहीत होतं. दुकानात येणाऱ्या सगळ्या लोकांना तू विचारायचीस, हात लावू का, हात लावू का. मी हसायचे तुला. मला का नाही सांगितलंस, मावशी?"

धाकटीला खूप काही म्हणता आलं असतं. मला लाज वाटायची. तुझ्या आईने गप्प बस म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, ते माझ्यापुरतंच आहे. यातलं सगळं खरं होतं आणि यातलं काहीच त्या पोरीच्या पाठीवरच्या ओळीपुढे टिकणारं नव्हतं.

"चुकले," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. तुझी काही चूक नाही, शेंगे. माझी आहे."

शेंगेचा चेहरा वेडावाकडा झाला. धाकटी दोन पावलं पुढे गेली. लहान असताना ही पोर पडली, रडली की आधी मावशीच्या गळ्यात पडायची. धाकटीचे हात आपोआप पुढे गेले, आणि मध्येच थांबले.

"हात लावू का?"

शेंगेने मान हलवली. "नको."

आणि ती वळून आतल्या खोलीत गेली. दार लागलं. कडी लागल्याचा आवाज आला.

मोठी धडपडत उठली. "अगं, जा ना! जवळ घे तिला! दार वाजव!"

"नाही," धाकटी म्हणाली. "नको म्हणालीय ती."

"अगं, पण पोर एकटी आत..."

"मी इथे आहे."

तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, बंद दाराबाहेर ठेवलं आणि त्यावर बसली. पिशवीत एका गिऱ्हाइकाचा शर्ट होता, बटणं लावायचा. तिने सुईत दोरा ओवायला घेतला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा गेला.

"बरं," ती दाराकडे बघून म्हणाली, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि पहिलं बटण लावायला घेतलं.